टिकलीखालचं बटण

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी ऊसतोडीला निघायची होती. ट्रॉलीत राहायच्या कोपीचे बांबू चढले होते, ताडपत्री चढली होती, पाण्याचा निळा ड्रम चढला होता, आणि कानिफनाथच्या दारात भांडण चाललं होतं ते मोबाईलच्या चार्जिंगच्या पिनेवरून.

कानिफनाथने शेवगावहून नवा फोन आणला होता. खोक्यातून काढून त्याने तो आईच्या हातात ठेवला. गोजरबाईने तो एकदा उलटा करून पाहिला आणि जसा आला तसा परत त्याच्या हातात दिला.

"मला नगं रं बाबा. माझा बटनाचा हाय की."

"बटनाच्यात तोंड दिसत न्हाई, आई. आमी कारखान्यावर, पार्थू तुझ्यापाशी. रोज आमचं तोंड दिसलं तर पोरगं वळखील तरी."

"मागल्या साली बी असंच म्हनला हुतास. मंग काय झालं? संक्रांतीलाच बंद पडला न्हवं तुझा फोन?"

"फोन न्हाई बंद पडला. पिन घालायचं भोक गेलं त्याचं. जुनी पिन हुती ती, एकाच बाजूनं जायची. कुनीतरी उलटी घालून दाबली."

'कुनीतरी' म्हणताना त्याने आईकडे बघितलं नाही. गोजरबाईने मात्र मान खाली घातली आणि मांडीवरच्या पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळलं.

उंबऱ्यात बसून त्याची बायको दीपा पार्थचे कपडे वेगळे करत होती. काय मागे ठेवायचं, काय आता आखूड झालंय. दोन वर्षांचा पार्थ तिच्या पाठीवर लोंबकळत होता आणि तिच्या कानातलं ओढत होता. 

ट्रॉलीवर दोर आवळत असलेला बजरंग वरूनच ओरडला. ट्रॅक्टर त्याचा होता, टोळीही त्याच्याच ट्रॅक्टरमागे जायची. "मावशी, ह्या नव्या पिनेला उलटं-सुलटं न्हाई. सी-पिन म्हनत्यात. डोळं झाकून घाला, जाती."

"ऐकलंस?" कानिफनाथ म्हणाला.

"पर कानिफ, हिचं बी लई कौतुक नगं हां. भोकात धूळ बसली की पिन अर्धीच जाती. मंग मानूस काय करतं? सुई घिऊन टोकरतं. आत बारीक जीब असती, ती मोडली की फोन भंगारात."

"तुझा मोडला का?"

"माझा माझ्या नजरंखाली असतो. मावशीचा चुलीपाशी असनार, राखंच्या डब्याशेजारी."

गोजरबाईला तेवढाच आधार मिळाला. तिने कमरेची कापडी पिशवी सोडली आणि आपला फोन काढून सगळ्यांच्या पुढे धरला. वरचे आकडे पुसले होते, एका कोपऱ्याला चिकटपट्टी होती.

"ह्यो बगा. चूल सोडून समदीकडं पडलाय. पर बटन दाबलं की टक् म्हनतंय. तुमच्या त्या काचंला टक् तरी हाय का? दाबलं का न्हाई दाबलं, मानसानं वळखावं कसं?"

"बाजूला हाय की बटन. ह्ये, चालू-बंदचं."

"ते? तांदळाच्या दान्याएवढं? मागल्या फोनचं ते बी पार्थ्यानं दाबून दाबून आत घातलं हुतं."

"पोरगं हाय, दाबनारच."

"मंग पोरानं दाबलं तरी टिकंल असं करावं की बटन. कंपनीवाल्याला काय लेकरंबाळं न्हाईत का?"

बजरंग दोर सोडून हसला. कानिफनाथलाही हसू आलं, पण त्याने ते दाबलं. त्याचा बेत ठरलेला होता. नवा फोन आईपाशी ठेवायचा आणि शेवगावात भोक बदलून आणलेला जुना फोन आपल्याबरोबर न्यायचा. त्यावर बजरंगने शेवटची पाचर मारली. फडात वीज नाही, चार्जिंग करायचं ते ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. तिथे सी-पिनेची एकच वायर, आणि जुन्या पिनेची वायर विकत आणली तरी त्या बदललेल्या भोकात ती डुगडुगते. ट्रॅक्टरच्या हादऱ्यात ती घटकाभर तरी जागेवर राहील का?

"म्हंजी नवा तिकडं न्यावा तर आईपाशी काय? आनि इकडं ठेवावा तर आमच्यापाशी काय?" कानिफनाथ वैतागला.

"बटनाचाच ठेवा आत्यांपाशी," दीपा म्हणाली.

तिघंही तिच्याकडे बघायला लागले. गोजरबाईसुद्धा. सून आपल्या बाजूने बोलेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुला पोराला बघायचं न्हाई?" कानिफनाथने विचारलं.

बघायचं नाही! दीपाने पार्थच्या एका झबल्याची उगाच पुन्हा घडी घातली. नवऱ्याला काय सांगणार होती ती? मागच्या साली पार्थ रांगत होता तेव्हा ते गेले. रोज संध्याकाळी बजरंगच्या फोनच्या काचेत तोंड दिसायचं, पार्थ काचेचा मुका घ्यायचा, काच ओली व्हायची, आणि फडातला सगळा शीण उतरायचा. मग संक्रांतीला घरचा फोन गेला. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, चैत्रात ते परत आले. कानिफनाथ मागे ट्रॉलीतून सामान काढत होता. ती मात्र धावतच दारात आली होती, हात पुढे करून. गोजरबाईच्या कडेवरच्या पार्थने तिच्याकडे बघितलं आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. गोजरबाईला वाटलं, पोराला आठवण करून द्यावी. "अरं, मम्मी! मम्मी कुटाय आपली?" ती म्हणाली. पार्थने मान वर केली, आणि बोट केलं ते फळीकडे. फळीवर तो बंद पडलेला फोन होता.

आई समोर उभी होती आणि लेकरू फोनकडे बोट दाखवत होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गोजरबाईने पाहिलं होतं, पण तीही त्यावर कधी बोलली नाही.

"त्याला आवाज ऐकू द्या," दीपा एवढंच म्हणाली. "तोंड मी आल्यावर बघंल."

"आनि मी?" कानिफनाथ म्हणाला. "मी कसा बघू त्याला?"

त्याने नवा फोन आपल्याबरोबर न्यायला खोक्यात घातला, झाकण बसेना तर तळहाताने दाबून बसवलं आणि दोर आवळायला बजरंगच्या मदतीला गेला. सबंध दुपार तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

दीपाने त्या दुपारीच बटणाचा फोन हातात घेतला. दोनचं बटण दाबून धरलं की थेट आपल्याला फोन लागेल असं तिने करून ठेवलं. पार्थला जमावं म्हणून बटणांचं लॉकही काढून टाकलं. पण पुसलेल्या आकड्यांत दोन कोणता हे पोराला कसं कळणार? तिने कपाळावरची लाल टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटवली.

"ही कुनाची टिकली?"

"मम्मी," पार्थ म्हणाला.

"हितं दाबायचं. जोरात. सोडायचं न्हाई."

त्याने दाबलं. तिच्या मांडीवर काढून ठेवलेला नवा फोन वाजला. पार्थ एवढा हसला की मागे पडला, उठला, पुन्हा दाबलं. तो कंटाळेपर्यंत दीपा प्रत्येक वेळी 'हॅलो' म्हणाली.

गोजरबाई बघत होती. "आता ह्याला डोळ्यात तेल घालून जपते बघ," ती म्हणाली. "मागल्यासारखं न्हाई हुयाचं."

श्रीरामपूरकडचा ऊस दाट होता. उजाडायच्या आधी फडात शिरायचं, कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, ट्रॉली भरायची. शेवगावची एसटी म्हटलं तर अर्ध्या दिवसाची वाट. पण टोळी सोडून एका कोयत्याने, म्हणजे एका जोडप्याने, जायचं नाव काढलं की बाकीच्यांची तोंडं वाकडी व्हायची. संध्याकाळी दीपा फोन लावायची. गोजरबाई फोन पार्थच्या कानाला धरायची आणि पलीकडून "बोल की रं, बोल की" एवढंच ऐकू यायचं. पार्थ बोलायचा नाही. काच नव्हती, तोंड नव्हतं, नुसत्या आवाजाचं त्याने काय करावं? आपलं चुकलं की काय, असं तिला वाटायचं. 

आणि मग एका सकाळी, ऊन चढल्यावर, तिच्या ओच्यातला फोन वाजला. घरचा नंबर. तिच्या हातातला ऊस तसाच राहिला.

"हॅलो? आत्या?"

उत्तर नाही. नुसती खसखस. लांबून शेळीचं ओरडणं. आणि मग बारीक, बोबडा, पार्थचाच आवाज, कशाला तरी "हं" म्हणाल्यासारखा.

"पार्थू? तू लावला फोन? टिकली दाबली माज्या बाळानं? जेवला का तू? मम्मी ऊस तोडती बघ, मम्मी येनार हाय..." ती बोलतच राहिली. पलीकडे तो मध्येच काहीतरी बडबडायचा. शेवटी मुकादमाची हाक आली तेव्हा तिनेच फोन ठेवला. बंद करता येत नाही अजून सोन्याला, ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा फोन आला. तिसऱ्या दिवशीही. ऊन चढलं की दीपाचा कोयता आपोआप हलका व्हायचा. ही त्याच्या जेवणाची वेळ, हे तिला ठाऊक होतं. जेवायला बसलं की लेकराला आईची आठवण होते, एवढं साधं होतं ते.

"आला गं तुझ्या साहेबाचा फोन," शेजारच्या पातीत, उसाच्या ओळीत, तोडणारी रंगुबाई म्हणायची. "आमची पोरं एकदा आजीच्या पदराखाली गेली की आई मेली का जिती इचारत न्हाईत. तुजं लेकरू गुनाचं."

"दृष्ट लावू नका, मावशी," दीपा हसून म्हणायची, आणि खरोखरच मनात भ्यायची.

एकदा तिचे दोन्ही हात मोळीत अडकले होते म्हणून कानिफनाथने फोन उचलला. तो बराच वेळ कानाला लावून उभा होता, एक शब्द बोलला नाही. मग त्याने फोन तिच्या ओच्यात परत खोचला. "कट झाला," म्हणाला, आणि मोळी खांद्यावर घेऊन चालू लागला.

थंडीत एक दिवस कारखान्याचं काहीतरी मोडलं आणि तोड बंद राहिली. बाया धुणं घेऊन पाटावर गेल्या. दीपाने कपडे दगडावर टाकले आणि आधी सासूला फोन लावला, निवांत. शेळी व्याली का, पार्थचा खोकला कसाय, सगळं बोलून झालं. मग न राहवून, जरा मिरवल्यासारखंच तिने विचारलं,

"आत्या, लई त्रास देतो का हो तुमाला फोनसाठी? रोज लावतो मला."

"कोन?"

"पार्थू. रोज जेवायच्या टायमाला."



"न्हाई गं बाई. मी त्याला हातच लावू देत न्हाई फोनला. मागल्यावानी मोडला तर? दिसभर माज्या कमरंच्या पिशवीत असतो."

पाटाचं पाणी वाहत होतं. वरच्या अंगाला रंगुबाई कपडे आपटत होती.

"मंग टिकली..." दीपा म्हणाली.

"टिकली तर कवाच निघाली. खाली तिचं चिकाट ऱ्हायलं, त्यात राख बसली न् बटनच आत जाऊन बसलंय. पिशवीत जरा दाबलं गेलं की लागत आसंल फोन." आणि मग एकदम घाबऱ्या आवाजात, "माज्या हातनं ह्यो बी मोडला व्हय गं? एवढं जपलं मी. आईशपथ जपलं. कानिफला सांगू नगंस, दीपे. बाजारच्या दिवशी शेवगावला जाते, नीट करून आनते."

दीपाच्या डोळ्यांपुढे ते सगळं एकदम उभं राहिलं. गोजरबाई पार्थला भरवायला उकिडवी बसते. कमरेची पिशवी मांडीत दाबते. दोनचं बटण दाबलं जातं. फोनला लॉक नसतं, ते तिने स्वतःच काढलेलं असतं. म्हणून फोन जेवायच्या वेळी येतो. तेवढ्यासाठीच येतो.

"तुमच्या हातनं न्हाई मोडला, आत्या," ती म्हणाली. "टिकली माझी हुती."

कोपीपुढे कानिफनाथ कोयत्याला धार लावत बसला होता. तिने ओले पिळे तसेच खाली ठेवले आणि त्याला सांगितलं. त्याने कानस थांबवली नाही.

"मला म्हाईत हुतं."

"कवापासून?"

"त्या दिवशी मी उचलला ना. आई पोराशी बोलत हुती. फोनवर कोनच न्हवतं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"फोन आला की तू हसायचीस," तो म्हणाला. कानस आणखी दोनदा फिरली. "त्यासाठीच न्हाई सांगितलं."

ती आत जाऊन बसली. स्वयंपाक केला, वाढला, आणि स्वतः न जेवता भांडी घासली. इतक्या दिवसांत आपण कुणाशी बोललो? कापडाच्या पिशवीशी.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि फोन वाजला. रंगुबाईने भुवया उडवल्या. दीपाला वाटलं, उचलूच नये. मग उचलला, कानाला लावला, आणि पहिल्यांदाच तोंडातून शब्द काढला नाही. इतके दिवस तीच बोलत होती. पलीकडे काय चाललंय ते तिने ऐकलंच नव्हतं.

खसखस. ताटलीचा आवाज. मग गोजरबाईचा आवाज, जरा दबका, पण कळेल असा.

"ह्यो घास शेळीचा. आ कर. शाब्बास. ह्यो घास कोंबडीचा. हं. आनि ह्यो घास मम्मीचा."

चावल्याचा आवाज आला नाही.

"खा की रं. मम्मीचा हाय."

"न्हाई," पार्थ म्हणाला. स्पष्ट.

"असं करू नी. मम्मी तिकडं उनात ऊस तोडती. तिचा घास तिच्या लेकरानं न्हाई खायाचा तर कुनी? आ कर."

"न्हाई. शेळीचा."

"बरं. ह्यो शेळीचा." चावल्याचा आवाज. "आता मम्मीचा?"

"न्हाई."

दीपाने कोयता पाचटावर ठेवला. गोजरबाई न चिडता, न थकता, एकेक घास फिरवून पुन्हा तिच्या नावावर येत होती, आणि पोरगं तेवढा घास सोडून बाकी सगळ्यांचे खात होतं. कधीपासून चाललं असेल हे? ती इकडे "जेवला का माझा राजा" म्हणत होती तेव्हाही हेच चाललं असणार. तिच्याच बडबडीखाली.

संध्याकाळी तिने सासूला फोन लावला.

"आत्या, बाजारला गेलात तर फोन दुकानात नेऊ नका."

"अगं, बिघडलाय की. आपोआप लागतो न्हवं त्यो?"

"लागू द्या. बटन तसंच ऱ्हाऊ द्या."

गोजरबाईने खोल आवाजात विचारलं, "ऐकू येतं व्हय गं तुला?"

"व्हय."

"समदं?"

"आजच ऐकलं."

"बारकं हाय गं ते. त्याचं काय मनावर घ्यायचं."

"न्हाई घेत."

"बरं," गोजरबाई म्हणाली. "बरं मंग. तसंच ठिवते."

पुढच्या सकाळी रिंग झाली तेव्हा कानिफनाथ शेजारच्याच पातीत होता. दीपाने फोन कानाला लावला नाही. स्पीकर लावून ती उभी राहिली. तो आपणहून जवळ आला, कोयता हातात तसाच.

आज खसखस नव्हती. आवाज स्वच्छ होता. पिशवीचं तोंड कुणीतरी उघडं ठेवलं असावं. चूल तडतडत होती, शेळीचं नवं पिल्लू ओरडत होतं. शेळीचा घास झाला, कोंबडीचा झाला, पपांचा झाला. तो पार्थने खाल्ला. कानिफनाथने पटकन तोंड फिरवलं, उसाकडे.

"आनि ह्यो मम्मीचा."

वाट बघताना दीपाने ओठ घट्ट मिटून घेतले. एक शब्द बोलायचा नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

"मम्मी कुटं?" पार्थने विचारलं.

मागच्या साली हाच प्रश्न आजीने त्याला विचारला होता. आता त्याचं बोट कुठे असेल? फळीकडे? पिशवीकडे? का कुठेच नाही?

"लांब हाय," गोजरबाई म्हणाली. "येनार हाय. आ कर."

"न्हाई."

"बरं. उंद्याच्याला खा. ह्यो कुत्र्याचा."

मुकादमाने हाक दिली. फोन ठेवायचं काम रोज तिचंच असायचं. पलीकडून तो कधी बंद होत नव्हता. दीपाने बोट काचेवरच्या लाल गोलावर नेलं. गोजरबाई म्हणाली होती तेच खरं, ह्याला टक् नव्हतं. बोट टेकलं का नाही ते तिला कळलं नाही, आणि पलीकडे चावल्याचा आवाज अजून येतच होता.